आरंभक घटमाला, मासेमारी नौकेची

नौकेच्या मागील फळीवर बाहेरून बसविलेले एंजिन सुरू करण्यासाठी त्याच्या आरंभक चलित्रास, म्हणजे व्यवहारातील स्टार्टरला, काही सेकंद प्रबळ विद्युत् प्रवाह पुरविणाऱ्या विद्युत् घटमालेस आरंभक घटमाला म्हणतात. अशा एंजिनास मच्छीमार ‘आउटबोर्ड’ म्हणतात. अमेरिकेत ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये त्याचे व्यापारी उत्पादन सुरू केले. महाराष्ट्रातील मोठ्या मासेमारी नौकांत डीझेल एंजिन नौकेच्या आत बसविलेले असते. मालवण, देवगड, वेंगुर्ले या बाजूंच्या लहान फायबर होड्यांवर मात्र बाह्य एंजिन सर्रास आढळते. लहान अश्वशक्तीची एंजिने दोरी ओढून सुरू करता येतात. अश्वशक्ती वाढते तसतसे हे काम दमछाक करणारे व शेवटी अशक्य होते. इंधन अंतःक्षेपणाच्या काही आधुनिक एंजिनांत इंधन-पंप व नियंत्रक यांनाही वीज लागत असल्याने, घटमाला पूर्ण निकामी झाल्यास दोरी असूनही एंजिन सुरू होत नाही. खाडीच्या मुखाशी लाटा फुटत असताना एंजिन बंद पडले, तर ते पुन्हा सुरू होण्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात. म्हणून घटमालेची निवड केवळ किंमत पाहून करू नये.

रचना व कार्य : या कामासाठी प्रामुख्याने शिसे-अम्ल घटमाला वापरतात. गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८५९ मध्ये शिसे-अम्ल घट तयार केला. त्यातील धन पट्टीवर शिशाचे डायऑक्साइड, ऋण पट्टीवर सच्छिद्र शिसे व दोहोंमध्ये विरल सल्फ्यूरिक अम्ल असते. प्रवाह घेतला जात असताना दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट तयार होते व अम्ल पातळ होत जाते. विद्युत् भारण केल्यास ही क्रिया उलट होते. प्रत्येक घटाचा दाब सु. २ व्होल्ट असून सहा घट एकसरीत जोडून १२ व्होल्टची घटमाला मिळते.

एंजिन सुरू करताना शंभर ते दोनशे अँपिअर प्रवाह लागू शकतो. एवढा प्रवाह देण्यासाठी पट्ट्यांचे पृष्ठफळ मोठे असावे लागते. म्हणून आरंभक घटमालेत पातळ व पुष्कळ पट्ट्या घालतात. अशा पट्ट्यांना खोल विमोचन मानवत नाही. याउलट दिवे, मत्स्यशोधक यांसारख्या उपकरणांना तासन्‌तास थोडा प्रवाह देणाऱ्या घटमालेत कमी पण जाड पट्ट्या असतात. दुकानात दोन्हींची पेटी सारखीच दिसते, आणि ग्राहकाची फसगत बहुधा येथेच होते.

निवड : घटमालेवर दोन प्रकारचे आकडे छापलेले असतात. अँपिअर-तास हा आकडा साठ्याचा होय. ६० अँपिअर-तासांची घटमाला २० तासांच्या प्रमाणानुसार ३ अँपिअर प्रवाह २० तास देते. एंजिन सुरू होईल की नाही हे त्यावरून नीट कळत नाही. त्यासाठी ‘शीत आरंभ प्रवाह’ पाहावा. −१८° से. तापमानास ३० सेकंदांपर्यंत घटमालेचा दाब ७.२ व्होल्टच्या खाली न जाता जेवढा प्रवाह मिळतो, तो हा आकडा. कोकणात असे तापमान कधीच नसते; त्यामुळे तेथे प्रत्यक्षात मिळणारा प्रवाह छापील आकड्याहून जास्त असतो. काही नौका-घटमालांवर ०° से. तापमानाचा आकडा दिलेला असतो व तो साहजिकच मोठा दिसतो. दोन घटमालांची तुलना करताना आकडे एकाच तापमानाचे असल्याची खात्री करून घ्यावी आणि एंजिनाच्या पुस्तिकेतील किमान आकड्याखाली जाऊ नये.

सुरुवातीस १५० अँपिअर प्रवाह ५ सेकंद घेतला, तर खर्च होतो तो अवघा सु. ०.२ अँपिअर-तास. एंजिनाच्या जनित्राने ६ अँपिअर दिले, तरी दोन-तीन मिनिटांत तो भरून निघतो. घटमाला मरते ती वारंवार एंजिन सुरू केल्याने नव्हे, तर रात्रभर जळणाऱ्या दिव्यांमुळे. दिव्यांना २, मत्स्यशोधकास १ व रेडिओस अर्धा असे साडेतीन अँपिअर आठ तास घेतल्यास २८ अँपिअर-तास, म्हणजे ६० अँपिअर-तासांच्या घटमालेतील जवळजवळ निम्मा साठा, संपतो. जाळे टाकून एंजिन मंद चालत असताना किंवा बंद असताना जनित्राकडून तो भरून येत नाही. म्हणून रात्रीच्या मासेमारीस उपकरणांसाठी जाड पट्ट्यांची दुसरी घटमाला ठेवणे हाच खरा उपाय होय. एकाच मोठ्या घटमालेवर सारे भागविण्याची काटकसर अंती महाग पडते.

धाराशिव जिल्ह्यातील बेंबळीसारख्या गावी ट्रॅक्टरमध्ये दिसणारी घटमालाही याच तत्त्वावर चालते, व ती होडीत बसवून पाहण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. ट्रॅक्टरच्या घटमालेचे वैरी मुख्यतः उन्हाळ्याची उष्णता व धूळ. होडीत त्यांत लाटांचे सततचे हादरे व खारे पाणी यांची भर पडते. हादऱ्यांनी पट्ट्यांवरील द्रव्य गळून तळाशी साचते व घट आतूनच जोडला जातो. शोषक काचतंतूंची सीलबंद घटमाला हादरे चांगले सोसते व कलंडली तरी अम्ल सांडत नाही, पण अतिभारणाने ती कायमची सुकते. ज्या जुन्या एंजिनांत दाबनियंत्रक नाही, त्यांना पाणी घालता येणारी साधी घटमालाच योग्य. लिथियम-आयर्न-फॉस्फेट घटमाला वजनाने हलकी असते. परंतु तिची संरक्षक यंत्रणा प्रवाह अकस्मात तोडू शकते. एंजिनाच्या निर्मात्याने तशी मुभा दिली असेल तरच ती घ्यावी.

जोडणी : चांगली घटमाला बारीक तारेमुळे निष्प्रभ ठरते. जाऊन-येऊन ६ मी. लांबीची व १६ चौ. मिमी. छेदाची तांब्याची तार १५० अँपिअरला सु. १ व्होल्ट दाब खाते, ३५ चौ. मिमी. तारेत ही घट अर्ध्या व्होल्टहूनही कमी होते. तार कथिलाचा मुलामा दिलेली असावी व अग्रांवर व्हॅसलीन लावावे. घटमाला झाकणाच्या पेटीत पट्ट्याने घट्ट आवळून, पेट्रोलच्या टाकीपासून दूर व हवेशीर जागी ठेवावी. भारणाच्या वेळी निघणारा हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांवर गेला की स्फोटक बनतो. घटात समुद्राचे पाणी शिरल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होऊ शकतो. एंजिन चालू असताना तार कधीही सोडू नये.

पावसाळी बंदीचा काळ : महाराष्ट्राच्या सागरी क्षेत्रात १ जून ते ३१ जुलै यंत्रचलित नौकांना मासेमारी बंद असते. या ६१ दिवसांत घटमालेचा प्रभार आपोआप घटतो व पट्ट्यांवरील सल्फेटाचे कठीण स्फटिक बनतात. ते नंतरच्या भारणानेही पुरते विरघळत नाहीत. ऑगस्टमध्ये अचानक ‘गेलेली’ घटमाला पुष्कळदा जूनमध्येच गेलेली असते. होडी वर ओढतानाच घटमाला काढून घरी आणावी, पूर्ण भारण करावे व महिन्याने पुन्हा करावे. काही तास विश्रांतीनंतर दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असल्यास ती पूर्ण भारित, १२.२ असल्यास सु. निम्मी रिकामी समजावी. विकत घेतानाही उत्पादनाचा महिना पाहून हेच मापन करावे. दुकानदाराकडे भारपरीक्षक असल्यास शीत आरंभ प्रवाहाच्या निम्मा प्रवाह १५ सेकंद घेऊन पाहावा, दाब ९.६ व्होल्टच्या खाली घसरल्यास ती घटमाला घेऊ नये. जुनी घटमाला किनाऱ्यावर न टाकता विक्रेत्याकडे परत द्यावी. २०२२ च्या घटमाला कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत गोळा करून पुनश्चक्रणास लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि मोडीतील शिशाला किंमतही मिळते.