विश्लेषण : एकाच टीव्हीसमोर लपंडाव कसा खेळतात?

लपंडावाचा व्हिडीओ गेम करण्यात पहिलीच अडचण अशी, की सगळे एकाच टीव्हीकडे पाहत असतात. मग लपणार कुठे? निन्टेन्डोने २०१२ मध्ये ‘वी यू’ कन्सोलसोबत आणलेल्या ‘निन्टेन्डो लँड’मधील ‘लुईजीज घोस्ट मॅन्शन’ या खेळाने त्यावर तोडगा काढला.

तोडगा काय?
एक खेळाडू भूत होतो. त्याच्या हाती ६.२ इंची पडद्याचा गेमपॅड. त्यावर सगळे दिसते. टीव्हीवर मात्र भूत अदृश्य. समोर जास्तीत जास्त चौघे, हातात वी रिमोट. हा रिमोट गाजला हालचाल ओळखण्यासाठी; इथे कामाला येतो त्याचा कंप. भूत जवळ आले की तो थरथरतो. मग टॉर्च मारून भूत शोधायचे, त्यात टॉर्चची बॅटरीही उतरते. ‘माझा थरथरतोय, इकडे या!’ ही आरडाओरडच खरी गंमत. (भुताने हसू दाबणे सर्वांत अवघड.)

आज खेळता येतो?
‘वी यू’ सुमारे १ कोटी ३५ लाखच विकला गेला. २०१७ मध्ये उत्पादन थांबले. एप्रिल २०२४ मध्ये त्याचा ऑनलाइन खेळही बंद झाला. ‘घोस्ट मॅन्शन’ एकाच खोलीतला, म्हणून वाचला. पण त्याला दोन पडदे लागतात, त्यामुळे गेमपॅड बिघडला की खेळ संपला.