चाफ्याची वाडी, शनिवार

पहाटे २.३०
वसईच्या पश्चिम पट्ट्यातली वाडी. काळोखात कपाळावरच्या बॅटऱ्या हलतात. सोनचाफा उजाडायच्या आत खुडायचा. पूर्ण उमललेल्या फुलाला दादरला भाव नाही. देठ अंगठ्याच्या नखाने मोडायचा, पाकळीला बोट लावायचं नाही. लागलं, तर थोड्या वेळाने तिथे तपकिरी डाग दिसतो. वाडीच्या मालकीण मावशी खालच्या फांद्या घेतात. वरच्या फांद्या त्यांच्या मुलाच्या. तो लोखंडी घोड्यावर चढून आकडीने फांदी ओढतो. वय अठरा, बारावीची परीक्षा झालेली, निकाल यायचाय. पाड्यावरून दोघीजणी येतात. खुडणीचे प्रत्येकी दोनशे रुपये आणि चहा.

पहिली शंभर फुलं ओल्या फडक्यात वेगळी काढली आहेत. उद्या पास्काकाळाचा चौथा रविवार, उत्तम मेंढपाळाचा. पोप सहावे पॉल यांच्या काळापासून, म्हणजे १९६४ पासून, जगभरचं कॅथलिक चर्च या सुमारास पाचारणासाठी प्रार्थना करतं. धर्मगुरू आणि व्रतस्थ होणारी माणसं मिळावीत म्हणून. ही फुलं वेदीवर जातील. “उरलेली कशी द्यायची देवाला?” मावशी म्हणतात.

३.५५
पडवीत मावशींचे यजमान दहा-दहा फुलं पाकिटात भरतात. कंबर गेल्यापासून त्यांच्याकडे हेच काम. एकशे चाळीस पाकिटं झाली.

४.२५
गावातला टेम्पो डागामागे तीस रुपये घेतो. मावशींचे दोन डाग. वसई रोडला लगेजच्या डब्यात भाजीवाल्या, फुलवाल्या, केळीवाल्या. पाट्या लागल्या की जपमाळा निघतात. शनिवारी जपमाळेत आनंदाची रहस्ये. भाईंदरच्या खाडीच्या पुलावर रुळांचा आवाज वाढतो, तसा बायांचाही.

पाचवं रहस्य दहिसरच्या आसपास येतं. बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात मागे राहिला, आई-बाप तीन दिवस शोधत होते. जपमाळेचं हे दशक या बाया धर्मगुरूंसाठी म्हणतात. असलेल्यांसाठी आणि होणाऱ्यांसाठी. गेल्या लेंटमध्ये मुलाने घरी सांगितलं, मला फादर व्हायला सेमिनरीत जायचंय. “आधी हे रहस्य झरझर म्हणून व्हायचं,” मावशी सांगतात. “आता तीन दिवस आठवले की पोटात ओढतं.”

पण दशक सोडलेलं नाही. पाचारणासाठी प्रार्थना करणं सोपं असतं, मुलगा दुसऱ्याच्या घरातला जाईल असं धरलं तर. मावशींच्या प्रार्थनेला मी मानतो ते यासाठी.

५.५०
दादरचा फूलबाजार. पायाखाली चिखल आणि पाकळ्या. आज चाफा शेकडा एकशेदहा. चौदाशे फुलांचे पंधराशे चाळीस. दहा टक्के आडत गेली, एकशे चोपन्न. हमालाला चाळीस, टेम्पोचे साठ, दोघींची मजुरी चारशे. मावशी बोटांच्या पेरांवर मोजतात. हातात राहिले आठशे शहाऐंशी. त्यातून पाकिटं, खत, मोटरचं वीजबिल. मुलाची मजुरी या हिशेबात कधीच नव्हती.

९.१५
घरी येऊन लगेच पाणी. विहीर जास्त उपसली की पाणी मचूळ होतं, म्हणून मोटर अर्धाच तास. मावशी फावड्याने आळ्यांची तोंडं उघडतात, भरलं की मातीने बुजवतात. चाळीस झाडं, वाकलेली पाठ. मी विचारलं, शुभवर्तमानात रानातल्या फुलांची गोष्ट आहे, ती कष्ट करत नाहीत तरी देव त्यांना सजवतो. ती तुम्हाला पटते? त्यांनी फावडं टेकवलं. “ती रानातली. वाडीतल्यांना पाणी मलाच द्यावं लागतं. पण विहिरीत पाणी मी आणते का?”

१२.००
देवळाची घंटा. तिघं उभी राहून पास्काकाळातली स्वर्गराणीची प्रार्थना म्हणतात, मग जेवण. भात, सुक्या बोंबलाचं कालवण. मुलगा हिशेब मांडतो. तत्त्वज्ञानाची किमान दोन वर्षं, ईशज्ञानाची चार, शिवाय आधीची तयारी. “आई, तोवर घोड्यावर कोण चढणार?”

“तू आधी ताटातलं संपव.”

४.१०
शंभर चाफे देवळात पोचले. सॅक्रिस्टीच्या नळावर मावशी फुलदाण्या घासतात. सकाळच्या मिस्सानंतर फादर एका मयताला गेले, तिथून आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला. आता ते पाप-निवेदनाला बसलेत आणि बाहेर रांग आहे. फादर नुसते मिस्सापुरते नसतात, हे वसईला सांगावं लागत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो इथल्या हिरव्या वसईसाठी रस्त्यावर उतरले होते. २५ जुलै २०२४ ला ते गेले. मृत धर्मगुरूंसाठी प्रार्थना करताना मावशी अजून त्यांचं नाव घेतात. मग गुडघ्यांवर पंधरा मिनिटं. काय मागितलं, ते मी विचारलं नाही.

बाहेर पडताना त्या संत गोन्सालो गार्सियांच्या तसबिरीपाशी थांबल्या. वसईचा माणूस, आधी व्यापारी, मग फ्रान्सिस्कन ब्रदर. १५९७ साली नागासाकीला क्रुसावर गेला. “त्याच्याही आईला कुणी विचारलं नसेल,” मावशी म्हणाल्या आणि फुलांची रिकामी पाटी काखेत मारली.

७.३०
गावच्या क्रुसापाशी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. पोरं चुळबुळतात, म्हाताऱ्या दटावतात. शेवटी पाचारणाची प्रार्थना. मुलगा मागच्या ओळीत. मावशींचा आवाज सगळ्यांत खणखणीत.

८.४५
वाटेत मावशी शेजारच्या अंगणात वळल्या. तिथल्या सुनेला जूनपासून पहाटे घोड्यावर चढून खुडायला येशील का, म्हणून विचारलं. ती म्हणाली, येते, पण उंचावरचं काम, अडीचशे घेईन. मावशी दोनशे वीसवर अडल्या. ती दोनशे चाळीसवर आली.

“दोनशे तीस, आणि चहा,” मावशी म्हणाल्या. “सोमवारी ये. पोरगा आहे तोवर शिकून घे त्याच्याकडून.”