मलाजखंडहून वकिलीत: कोणती वाट कुठे जाते?

सनद: कायद्याची पदवी, जबलपूरच्या राज्य बार कौन्सिलकडे नोंदणी, मग अखिल भारतीय बार परीक्षा. नोंदणी शुल्क ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. जादा आकारणीला सर्वोच्च न्यायालयाची मनाई (३० जुलै २०२४).

खासगी वकिली: आधी सीनियरच्या हाताखाली. जिल्हा न्यायालय बालाघाटला, उच्च न्यायालय जबलपूरला.

एडीपीओ (सहायक जिल्हा अभियोजन अधिकारी): पगारी सरकारी वकील. निवड मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाकडून. खासगी वकीलपत्र बंद.

विधी सेवा: कायदा १९८७चा. महिलांना, तसेच गोंड-बैगांसह अनुसूचित जमातींच्या पक्षकारांना मोफत मदतीसाठी उत्पन्नाची अट नाही. ‘लीगल एड डिफेन्स काउन्सेल’ पूर्णवेळ, मानधनावर. काम फक्त फौजदारी बचावाचं.

दिवाणी न्यायाधीश: आधी किमान तीन वर्षं वकिली (सर्वोच्च न्यायालय, २० मे २०२५).