समलिंगी-तृतीयपंथी मुलांचे प्रश्न आणि आपले नगरसेवक : बोलायचं कसं?



लोकप्रतिनिधी आपला असतो, त्याच्याकडे प्रश्न घेऊन जायचं असतं, असं आपण नागरिकशास्त्राच्या तासाला मुलांना शिकवतो. रस्ता, पाणी, गटार यांसाठी आपण जातोही. पण आठवीतल्या एखाद्या मुलाला रोज 'बायल्या' म्हणून छळलं जातं, तो मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहात जायला घाबरतो, म्हणून दिवसभर पाणी पीत नाही आणि एक दिवस शाळेत यायचाच बंद होतो. हा प्रश्न घेऊन नगरसेवकाकडे किंवा सरपंचाकडे कोण जातं? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची नोंद स्त्री-पुरुष सोडून 'इतर' अशी झाली. देशभरात या गटातली साक्षरता सुमारे ५६ टक्के होती, तेव्हा एकूण साक्षरता ७४ टक्क्यांच्या आसपास होती. या दोन आकड्यांतली तफावत कुठे तयार होते, हे वर्गावर उभं राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

भेटीला जाण्याआधी आपल्याच डोक्यात दोन गोष्टी स्पष्ट हव्यात. कोणाबद्दल आकर्षण वाटतं, तो झाला लैंगिक कल. समलिंगी हा शब्द त्यासाठी. आणि आपण स्वतःला मुलगा मानतो, मुलगी मानतो की वेगळं काही, तो झाला लिंगभाव. पारलिंगी, तृतीयपंथी हे शब्द त्यासाठी. पुढारी मंडळी (आणि खरं सांगायचं तर आपल्या स्टाफरूममधलीसुद्धा) या दोन्हींची सरमिसळ करतात. मग तुम्ही बोलता शाळेतल्या छळाबद्दल आणि समोरचा बोलतो सिग्नलवर टाळ्या वाजवणाऱ्यांबद्दल. अर्धी भेट तिथेच वाया जाते.

कायद्याचं थोडक्यात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने 'नालसा' खटल्यात तृतीयपंथीयांच्या ओळखीला मान्यता दिली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीने होणारे समलिंगी संबंध वगळले गेले, म्हणजे तो गुन्हा उरला नाही. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा २०१९ चा कायदा तर थेट आपल्याला लागू होतो. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेने अशा मुलांना भेदभाव न करता शिक्षण, खेळ आणि करमणुकीची संधी द्यायची आहे. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मात्र समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली नाही. तो विषय कायदेमंडळाचा आहे, असं न्यायालय म्हणालं.

इथेच एक मेख आहे, ती नीट बघा. विवाहाचा प्रश्न नगरसेवकाच्या हातातला नाही. तो संसदेत न्यायचा. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०२२ मध्ये त्यासाठी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. कल्याण मंडळ, त्याचा निधी, राज्याच्या योजना हे आमदारांना विचारायचं. वॉर्डातल्या माणसाला तुम्ही विवाहाबद्दल विचारलंत, तर तो "वरून निर्णय होऊ दे" म्हणणार आणि सुटणार. त्याला सुटायला जागा मिळेल असा प्रश्न घेऊन जायचंच नाही.

मग मागायचं काय? जे त्याच्या सहीने होतं ते. शाळेत कडी लागणारं, कोणालाही वापरता येईल असं एक स्वतंत्र स्वच्छतागृह. जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळणाऱ्या तृतीयपंथी ओळखपत्रासाठी कागदपत्रं जमवायला मदत (मूल अल्पवयीन असेल तर अर्ज पालकांनी करायचा असतो). सज्ञान समलिंगी जोडप्यांच्या रेशनकार्डाचा पाठपुरावा, कारण एकत्र राहणाऱ्या अशा जोडीदारांना एकाच कुटुंबात धरावं, असं केंद्राच्या अन्न विभागाने २०२४ मध्ये राज्यांना कळवलं आहे. तहसील कार्यालयात हे किती जणांनी वाचलंय, ते तुम्ही खिडकीवर उभं राहून बघा!

आणि आपल्याकडे एक हुकमी जागा आहे, शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षणहक्क कायद्यानुसार तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात, आणि स्थानिक संस्थेचा निवडून आलेला सदस्यही असतो. म्हणजे लोकप्रतिनिधी आपल्याच टेबलावर येऊन बसतो. चहा-बिस्किटं होतात, सह्या होतात, तो जातो. त्याच बैठकीत एखाद्या पालकाने 'चिडवाचिडवी आणि मुलांची सुरक्षितता' हा विषय लेखी मांडला, तर तो इतिवृत्तात येतो. माझ्या मते बंगल्यावर मारलेल्या दहा फेऱ्यांपेक्षा इतिवृत्तातली एक ओळ जास्त उपयोगाची.

उत्तरं साधारण ठरलेली येतात. "आपल्याकडे असलं काही नसतं, हे बाहेरचं खूळ." वाद घालू नका. यल्लम्माचे जोगते आपल्याच कोल्हापूर-सांगलीकडचे. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये रंगमंचावर आलं, तेव्हा मोबाइलही नव्हते. "यांची मतं किती, सर?" हा दुसरा प्रश्न, आणि तो प्रामाणिक असतो. त्याला सांगा, प्रत्येक मुलामागे आई-बाप, आजी-आजोबा, मावशी असतात. शिवाय ही माणसं स्वतःही निवडून येतात. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकमध्ये अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवाराचा महिला गटातला अर्ज नाकारला गेला होता. त्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, निवडणूक लढवायची परवानगी मिळवली आणि जानेवारी २०२१ मध्ये ग्रामपंचायतीवर निवडून आल्या. हे उदाहरण पुढाऱ्याला लगेच कळतं, कारण ते त्याच्या भाषेतलं आहे. तिसरं उत्तर, "बघतो, सांगतो." त्यावर इतकंच विचारायचं, "दादा, पुढच्या बैठकीत विषय घेऊ ना? तारीख लिहून ठेवते."

आता एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. कोणत्याही मुलाचं नाव, वर्ग, गल्ली, काहीही सांगू नका. "कोण आहे तो? मी बोलतो त्याच्या बापाशी," असं पुढारी मदतीच्या भावनेनेच म्हणतात. पण ज्या घरात अजून काही ठाऊक नाही, तिथे ही 'मदत' पोहोचली, तर मार बसतो, शाळा सुटते, मूल घर सोडतं. नावाचा आग्रह झालाच, तर "प्रश्न सगळ्या शाळेचा आहे" एवढंच म्हणायचं. मूल तयार आहे, पालकही तयार आहेत, तरीसुद्धा त्याला पुढाऱ्यासमोर उभं करून फोटो काढू देऊ नका.

जिल्हा परिषद, पालिका किंवा अनुदानित शाळेतल्या शिक्षकांना वर्तणुकीचे नियम आहेत. पक्षाच्या कार्यालयात, पक्षाच्या बॅनरखाली आपण जायचं नाही. निवेदन पालकांच्या सहीने जाऊ दे, मसुदा करायला आपण बसू. आचारसंहिता लागली असेल तर थांबा, त्या काळात नवं काही मंजूर होत नाही आणि तुमचा कागद फायलीखाली जातो.

निवेदन एका पानाचं असावं, मागणी एक किंवा दोन. कलमं-बिलमं फार नकोत, २०१९ च्या कायद्याचा उल्लेख पुरे. दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. गावाकडे असाल तर वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात. पुढची कधी आहे ते ग्रामपंचायतीत विचारून ठेवा आणि तिच्या आधी आठवडाभर तोच कागद घेऊन पुन्हा जा.