लॅपटॉप सुरूच होईना? आधी डीपी पाहा, मग मोटार



वावरातली मोटार सुरू झाली नाही म्हणून आपल्यापैकी कोणी लगेच ती विहिरीतून काढून वाइंडिंगवाल्याकडे नेत नाही. आधी डीपीवर फ्यूज आहे का ते बघतो, मग तिन्ही फेज, मग स्टार्टर, मग केबल. एवढे सगळे ठीक निघाले तरच मोटारीला हात लावतो. घरातला लॅपटॉप बंद पडला की मात्र हे शहाणपण आपण विसरतो. पोरगा म्हणतो "मेला", शेजारी म्हणतो "मदरबोर्ड गेला", आणि आपण पिशवीत घालून चंद्रपूरची किंवा नागपूरची गाडी धरतो.

गेल्या पावसाळ्यात एका सभासदाच्या घरी असेच झाले. मुलीचा प्रवेशअर्ज भरायचा शेवटचा दिवस दोन दिवसांवर आलेला आणि लॅपटॉपचा दिवाही लागेना. तालुक्याच्या एका दुकानात "बोर्ड जळाला, आठवडा लागेल" असे सांगण्यात आले. शेवटी निघाले काय, तर चार्जरची वायर पिनेजवळ आतून तुटलेली. दुसऱ्या घरचा चार्जर लावताच यंत्र सुरू झाले आणि अर्ज वेळेत गेला. अशी धावपळ इतरांची होऊ नये म्हणून कोणालाही करता येतील अशा तपासण्या येथे क्रमाने देत आहोत.

पहिला प्रश्न : गाडी कुठे अडली?

लॅपटॉप "सुरू होत नाही" म्हणजे नेमके काय, हे आधी ठरवावे. चार प्रकार संभवतात. एक, बटण दाबूनही दिवा नाही, पंखा नाही, काहीच नाही. दोन, दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा. तीन, पडद्यावर कंपनीचे नाव येते आणि तिथेच थांबते. चार, विंडोज सुरू होऊ लागते, पण निळा पडदा येतो किंवा यंत्र पुन्हापुन्हा बंद-चालू होते. पहिल्यात दोष बहुधा विजेच्या वाटेवर असतो, दुसऱ्यात पडदा किंवा मेमरी, तिसऱ्यात डिस्क किंवा बाहेरून जोडलेली वस्तू, आणि चौथ्यात बहुतेक वेळा विंडोजची मांडणी.

काहीच हालचाल नसेल तर

आधी त्या बोर्डात मोबाईलचा चार्जर लावून वीज आहे का ते बघा. मग लॅपटॉपच्या चार्जरवरचा दिवा बघा. पिन सैल आहे का, वायर एका ठिकाणी वाकवली की दिवा लुकलुकतो का, हे तपासा. शेजाऱ्याचा चार्जर लावून पाहायचा असेल तर त्यावरचे आकडे जुळवून घ्या. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील. नुसती पिन बसते म्हणून कोणताही चार्जर लावू नये.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. "आमच्याकडे व्होल्टेज कमी, म्हणून लॅपटॉप जळला," असे बरेच जण म्हणतात. कमी व्होल्टेजवर पंपाची मोटार जास्त करंट ओढते आणि तापून जळते, हे खरे. पण लॅपटॉपच्या चार्जरवर बहुधा १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते, म्हणजे दीडशे व्होल्टवरही तो मुकाट्याने काम करतो. त्याचा खरा शत्रू जास्तीचे व्होल्टेज. डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल तुटली, की घरातल्या २३० व्होल्टच्या लाईनवर ४०० च्या आसपास दाब येऊ शकतो. बल्ब एकदम लख्ख पेटले की ओळखावे, न्यूट्रल गेली. दुसरा शत्रू आकाशातली वीज. आपल्या जिल्ह्यात दुर्गापूरला २,९२० मेगावॉटचे महाऔष्णिक वीज केंद्र आहे खरे, पण जंगलातून येणाऱ्या लांब लाईनवर वादळात फांदी पडली की काय होते, हे आपण जाणतोच. गडगडाट सुरू झाला की पिन बोर्डातून काढून ठेवावी. नुसते बटण बंद करून भागत नाही.

पोटातली वीज काढणे

चार्जर ठीक असूनही यंत्र निपचित असेल तर हा उपाय करावा. चार्जर, पेन ड्राइव्ह, माऊस, प्रिंटर, सगळे काढा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा. मग चालू करण्याचे बटण ३० सेकंद दाबून धरा. आतल्या भागांत अडकून राहिलेला विद्युतभार यामुळे निघून जातो. त्यानंतर फक्त चार्जर लावून यंत्र सुरू करून बघा. या एका उपायाने कितीतरी "मेलेले" लॅपटॉप उठून बसतात, आणि खर्च शून्य. बॅटरी बाहेर ठेवून यंत्र चालले आणि बॅटरी लावताच बंद पडले, तर दोष बॅटरीचा.

पडदा काळा असेल तर

कॅप्स लॉकचे बटण दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो आहे, म्हणजे यंत्र जागे आहे, पडदा तेवढा झोपला आहे. अंधारात पडद्यावर तिरपा टॉर्च मारा. पुसट चित्र दिसले तर पडद्यामागचा प्रकाश गेला आहे. एचडीएमआय वायरने घरच्या टीव्हीला जोडून पाहा. टीव्हीवर चित्र आले तर माहिती सुखरूप आहे, ती लगेच उतरवून घ्या.

दिवा ठरावीक वेळा लुकलुकत असेल किंवा टूं-टूं आवाज येत असेल, तर किती वेळा ते मोजून कागदावर लिहा. ती यंत्राची भाषा आहे. कंपनीच्या पुस्तिकेत त्या आकड्याचा अर्थ दिलेला असतो. पुष्कळदा मेमरीची पट्टी सैल झालेली असते आणि कारागीर ती काढून पुन्हा बसवतो. एवढ्यासाठी बोर्ड बदलायला संमती देऊ नये.

विंडोज अडली असेल तर

प्रथम पेन ड्राइव्ह काढा. कधीकधी यंत्र त्याच्यातच विंडोज शोधत बसते. पडद्यावर "अपडेट चालू आहे" असे असेल तर तासभरही थांबा, घाईने बंद करू नका. बॅटरी मेलेली आणि अपडेटच्या मध्येच वीज गेली, हे तर आपल्याकडे बिघाडाचे नेहमीचे कारण आहे.

तरीही पुढे सरकत नसेल, तर सुरू होतानाच बटण दहा सेकंद दाबून यंत्र बंद करा. असे लागोपाठ दोन-तीनदा केले की पुढच्या वेळी दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. त्यात ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग स्टार्टअप रिपेअर असे जावे. "रीसेट"ला मात्र शेवटपर्यंत हात लावू नये. त्यात "फाइली ठेवा" असा पर्याय असतो, पण तो निवडला तरी आपण टाकलेले प्रोग्राम जातात. दुसरा पर्याय तर सगळेच पुसतो.

हे संकट फक्त खेड्यातले नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राऊडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळा पडदा दाखवून थांबली. आपल्या देशातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. यंत्रे मोडली नव्हती, एक फाइल चुकीची होती. ती सेफ मोडमध्ये जाऊन काढली की यंत्र सुरू होई. पण अनेकांचे अडले ते पुढच्या गोष्टीवर.

कुलपाची किल्ली कोणाकडे?

अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्कला बिटलॉकर नावाचे कुलूप आपोआप लागते. दुरुस्तीच्या वेळी यंत्र ४८ अंकी किल्ली मागते. ती नसेल तर कोणताही कारागीर आतली माहिती काढू शकत नाही. ही किल्ली बहुधा पहिल्यांदा ज्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्याने यंत्र सुरू केले, त्याच्या खात्यात असते. आता आठवा, तुमचा लॅपटॉप पहिल्यांदा कोणी सुरू केला? घरच्या मुलाने? दुकानदाराने? संस्थेचा असेल तर सोडून गेलेल्या कारकुनाने? यंत्र चालू आहे तोवरच त्या खात्यात जाऊन किल्ली कागदावर उतरवा आणि तो कागद सातबाऱ्यासोबत पेटीत ठेवा.

ऊन, पाणी आणि फुगलेली बॅटरी

लॅपटॉपसाठी भोवतालची हवा साधारण ३५ अंशांपर्यंत असावी, असे बहुतेक कंपन्या सांगतात. चंद्रपुरात २०१९ च्या मे महिन्यात पारा ४८ अंशांच्या आसपास गेला होता. तापलेली बॅटरी ४५ अंशांच्या वर सहसा चार्जच होत नाही. अशा दिवसांत यंत्र बंद पडले तर ते आधी सावलीत निवू द्या. गादीवर ठेवून चालवू नका, हवेची भोके बुजतात. तळ फुगलेला दिसला, झाकण नीट बसेना, तर बॅटरी फुगली असे समजा. दाबू नका, टोचू नका, चार्जर लावू नका.

पाणी सांडले किंवा कौलातून गळले, तर लगेच चार्जर काढून यंत्र बंद करा आणि उलटे करून निथळू द्या. "चालते का बघू" म्हणून बटण दाबणे हाच सर्वात मोठा घात. धानाच्या मुलखात तांदळाच्या कणगीत पुरून ठेवण्याचा सल्ला हमखास मिळतो. त्याने काही साधत नाही, उलट कोंडा आत जातो. कारागिराकडून उघडून साफ करून घ्यावे.

यंत्रापेक्षा हिशेब मोठा

यंत्र पुन्हा विकत मिळते, हिशेब मिळत नाही. आपल्या शेजारच्या धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. आज गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा बांबूचा व तेंदूपानांचा व्यवहार स्वतः करतात. हक्क आला, तशी हिशेबाची जबाबदारीही आली. कोणी किती पुडे दिले याची एकच प्रत एकाच लॅपटॉपमध्ये असेल आणि तो मजुरीवाटपाच्या आदल्या रात्री बसला, तर बिघाड यंत्रात राहत नाही, गावाच्या विश्वासात शिरतो.

सहकारी साखर कारखानदारीलाही हा धडा जुना आहे. कोल्हापूर-सांगली भागात वारणेच्या सुमारे ७० गावांत १९९८ पासून संगणक पोचवण्याचा प्रकल्प झाला. उसाची नोंद, वजन, बिल हे सभासदाला गावातच कळावे, हा हेतू. पण वीज, दुरुस्ती आणि यंत्रांचा खर्च सतत आड येई. पुढे सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलच्या संदेशावर तीच कामे करून पाहिली, तेव्हा ती स्वस्तात झाली आणि शेतकऱ्यांनाही पसंत पडली. माहिती महत्त्वाची, ती देणारे यंत्र कोणते हे दुय्यम.

म्हणून तीन गोष्टी करा. महत्त्वाच्या कागदांची एक प्रत पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर ठेवा, आणि ती दुसऱ्या घरी ठेवा. दुकानात यंत्र देताना "डिस्क पुसू नका" असे पावतीवर लिहून घ्या. काढलेला जुना भाग परत मागा. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर यंत्र पुन्हापुन्हा चालू करू नका, प्रत्येक वेळी माहिती थोडी थोडी जाते. आवाज नसेल, तर डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते आणि माहिती बहुधा तशीच मिळते. किल्ली मात्र हाताशी हवी.

मोटारीपुढे आपण घाबरत नाही, कारण तिची वाट आपल्याला ठाऊक आहे. लॅपटॉपचीही वाट अशीच आहे : बोर्ड, चार्जर, बॅटरी, पडदा, डिस्क, विंडोज. या क्रमाने चालावे. वाटेत कुठे अडले ते कागदावर लिहून मगच दुकानाची पायरी चढावी. त्या कागदाने वेळ वाचेल आणि पैसाही.