डॉक्टर मुलाचा आखातातला सौदा : एकूण आकडा नव्हे, मूळ पगार पाहा

कापडाचा तागा घेताना आमचा व्यापारी बांधव आधी पन्हा मोजतो, सूत बोटांनी चाचपतो आणि मगच भाव काढतो. जरीचा कारागीर मजुरी ठरल्याशिवाय कामाला हात लावत नाही. पण त्याच घरातला मुलगा किंवा मुलगी डॉक्टर झाली आणि दुबई-शारजाच्या खासगी इस्पितळाचे नोकरीचे पत्र आले, की सारे घर एकच ओळ वाचते : महिन्याचे एकूण दिरहम किती? त्याचे रुपये करून होतात, पेढे वाटले जातात आणि सही होते. डॉक्टरने पैशाचे बोलणे शोभत नाही, बोललो तर संधी जाईल, अशी भीती असते. आम्हाला ती अनाठायी वाटते. पत्र आले याचा अर्थ समोरच्याला माणूस हवा आहे. बोलण्याची वेळ हीच. सहीनंतर हाती फारसे काही उरत नाही.

संयुक्त अरब अमिरातीतील बहुतेक खासगी नोकऱ्यांना २०२१ चा ३३ क्रमांकाचा कामगार कायदा लागू आहे. तो २ फेब्रुवारी २०२२ पासून अमलात आला. सरकारी नोकऱ्यांचे आणि काही मुक्त क्षेत्रांचे नियम वेगळे आहेत, म्हणून आपल्या इस्पितळाला कोणता नियम लागू होतो हे प्रथम विचारावे.

मूळ पगार किती? एकूण पगारात मूळ पगार, घरभाडे आणि प्रवासभत्ता असे तुकडे असतात. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी फक्त मूळ पगारावर निघते : पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा, पुढे दरवर्षी ३० दिवसांचा. शिल्लक रजेचे पैसेही मूळ पगारावरच. समजा, दोन इस्पितळे ३०,००० दिरहमच देतात. एकाचा मूळ पगार १२,००० आणि दुसऱ्याचा १८,०००. पाच वर्षांनी पहिल्याकडून ४२,००० आणि दुसऱ्याकडून ६३,००० दिरहम ग्रॅच्युइटी होईल. आकडा एकच, फरक २१,००० दिरहमांचा! एकूण पगार वाढवायला इस्पितळ तयार नसेल, तरी त्यातला मूळ पगाराचा वाटा वाढवून मागता येतो.

टक्केवारी कशावर? पुष्कळ ठिकाणी ठरावीक पगारावर टक्केवारी देतात. ती बिलावर की वसुलीवर, हे व्यापाऱ्याला समजावून सांगायला नको. विमा कंपनी काही बिले नाकारते, काहींचे पैसे उशिरा देते. वसुलीवर टक्केवारी असेल तर हिशेब कधी दाखवणार आणि नोकरी सुटल्यावर मागाहून आलेल्या पैशांतला वाटा मिळणार का, हे लिहून घ्यावे. नव्या डॉक्टरकडे रुग्ण जमायला वेळ लागतो. पहिले काही महिने किमान रक्कम बांधून मागण्यात काही गैर नाही.

रजा कोणत्या दिवसांची? वर्ष पूर्ण झाल्यावर कायद्याने वर्षाला ३० दिवसांची पगारी रजा मिळते. सहा महिने झाले पण वर्ष भरले नाही, तर महिन्याला दोन दिवस. मात्र करारात वेगळे लिहिले नसेल, तर मध्ये येणाऱ्या सुट्ट्याही या ३० दिवसांतच धरल्या जातात. म्हणून ‘३० दिवस’ याऐवजी ‘कामाचे ३० दिवस’ असे शब्द मागावेत. आठवड्यात सहा दिवस काम असेल तर तेच पाच आठवडे होतात. रजेच्या तारखा कामाच्या गरजेप्रमाणे इस्पितळ ठरवू शकते. ईदला सगळ्यांनाच गावी जायचे असते, म्हणून पाळी कशी लागणार हे आधीच विचारावे. टक्केवारी रजेत थांबत असेल तर महिनाभराची रजा महाग पडते, तेही हिशेबात धरावे. परिषदेसाठीची रजा आणि मायदेशीचे तिकीट वेगळे मागावे. पगार हलत नसेल तेव्हा रजा हलते.

सोडताना काय? दुसऱ्या इस्पितळात काम न करण्याची अट कायद्याने जास्तीत जास्त दोन वर्षांची असू शकते. ती एखाद्या भागापुरती, कमी मुदतीची करून घ्यावी. परवान्याचा आणि वैद्यकीय दायित्वाच्या विम्याचा खर्च कोणाचा, हेही पत्रात यावे.

मागणी करताना भाषा सौम्य, पण नेमकी असावी : “आपल्याकडे काम करण्याची माझी इच्छा आहे. मूळ पगार इतका आणि रजा कामाच्या ३० दिवसांची झाली, तर मी लगेच सही करीन.” तीनचार मागण्या एकदम, लेखी ठेवाव्यात, रोज एक नवी काढू नये. आणि फोनवर मिळालेला होकार पत्रात उतरेपर्यंत सही करू नये. पावतीशिवाय माल न सोडणाऱ्या बापाने ही एक गोष्ट तरी मुलाला शिकवून पाठवावी.