क्योतो

क्योतो हे जपानच्या होन्शू बेटावरील एक प्रमुख शहर असून ते क्योतो प्रभागाचे मुख्यालय आहे. हे शहर हजाराहून अधिक वर्षे जपानच्या सम्राटांची राजधानी होते. तीन बाजूंनी डोंगरांनी वेढलेल्या या शहरातून कामो नदी वाहते. येथील लोकसंख्या सुमारे १४ लाख आहे. प्राचीन मंदिरे व पारंपरिक हस्तकला यांबरोबरच आधुनिक उद्योग आणि विज्ञान संशोधन यांसाठीही क्योतो प्रसिद्ध आहे.

इतिहास

इ.स. ७९४ मध्ये सम्राट काम्मू यांनी येथे राजधानी वसवली. तिचे तत्कालीन नाव हेइआन-क्यो, म्हणजे 'शांततेची राजधानी', असे होते. चीनमधील तांग राजवंशाच्या छांगआन या राजधानीच्या धर्तीवर रस्त्यांची चौकटबद्ध आखणी करण्यात आली. शहराच्या मध्यभागात ती आजही ओळखता येते.

ओनिन युद्धात (१४६७–१४७७) शहराचा मोठा भाग बेचिराख झाला. त्यामुळे आज दिसणाऱ्या अनेक प्राचीन मंदिरांच्या वास्तू नंतरच्या काळातील आहेत. कियोमिझू-देरा मंदिराचा मुख्य मंडप १६३३ मधील आहे. सोनेरी मंडपासाठी ख्यात असलेले किन्काकू-जी १९५० मध्ये जळाले व १९५५ मध्ये पुन्हा बांधले गेले. दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बच्या संभाव्य लक्ष्यांमध्ये क्योतोचा समावेश होता. अमेरिकेचे युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांच्या आग्रहामुळे ते वगळण्यात आले.

आधुनिकीकरण

१८६९ मध्ये सम्राट तोक्योला गेल्यानंतर क्योतोला उतरती कळा लागली. शहराला सावरण्यासाठी बिवा सरोवराचे पाणी कालव्याने आणण्याची योजना आखण्यात आली. तानाबे साकुरो या तरुण अभियंत्याच्या देखरेखीखाली पहिला कालवा १८९० मध्ये पूर्ण झाला. त्याच्या पाण्यावर १८९१ मध्ये केआगे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि १८९५ मध्ये जपानमधील पहिली विजेवर चालणारी ट्राम क्योतोत धावू लागली. नान्झेन-जी या झेन मंदिराच्या आवारातून जाणारा विटांचा जलसेतू याच योजनेचा भाग आहे.

निन्टेन्डो कंपनीची सुरुवात १८८९ मध्ये येथे हानाफुदा नावाचे पारंपरिक पत्ते बनवण्यापासून झाली. क्योतो विद्यापीठाची स्थापना १८९७ मध्ये झाली. तेथील प्राध्यापक हिदेकी युकावा यांना १९४९ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. नोबेल मिळवणारे ते पहिले जपानी होत.

वारसा जतन

१९६४ मध्ये उभारलेला १३१ मीटर उंचीचा क्योतो टॉवर आणि १९९७ मध्ये खुली झालेली रेल्वे स्थानकाची भव्य इमारत यांमुळे शहराचे रूप बिघडते, असा आक्षेप घेतला गेला. दुसरीकडे, 'माचिया' ही अरुंद दर्शनी भागाची, आत खोलवर जाणारी लाकडी घरे पाडून तेथे नव्या इमारती उभ्या राहत होत्या. २००७ च्या धोरणानुसार मध्यभागातील इमारतींची कमाल उंची ४५ वरून ३१ मीटरवर आणली गेली. छपरांवरील जाहिरात फलकांनाही बंदी घालण्यात आली. अनेक माचियांचे उपाहारगृहांत व अतिथिगृहांत रूपांतर झाले आहे. त्यामुळे वास्तू टिकते, मात्र तेथील मूळ निवासी वस्ती कमी होते.

पर्यटन

१९९४ मध्ये क्योतो आणि लगतच्या उजी व ओत्सू येथील एकूण १७ स्थळांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. भारतीय वाचकांना सांजूसांगेन-दो हे मंदिर विशेष जवळचे वाटेल. तेथे कान्नोनच्या, म्हणजे अवलोकितेश्वराच्या, १००१ मूर्ती असून रक्षक देवतांमध्ये इंद्र व ब्रह्मदेव यांची जपानी रूपे आहेत.

तोक्योहून शिंकान्सेन रेल्वेने सव्वादोन तासांत क्योतोला पोहोचता येते. वाढत्या गर्दीचा ताण स्थानिक रहिवाशांवर पडतो. यासाठी २०१८ पासून मुक्काम कर आकारला जातो, तर गिओन भागातील काही खासगी गल्ल्यांत २०२४ पासून पर्यटकांना प्रवेशबंदी आहे. शहरात दर जुलैमध्ये गिओन उत्सव भरतो. इ.स. ८६९ मध्ये साथीच्या रोगाच्या निवारणासाठी झालेल्या विधीतून तो सुरू झाला असून त्याचे भव्य रथ आजही दोरांनी ओढले जातात.